कार्डाचा रंग आणि हास्याचा भाव

कल्याणच्या बाजारपेठेत किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर पिढ्यानपिढ्या पेढी चालवणाऱ्या कुटुंबांना गिऱ्हाईक म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. जुने गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले की गादीवरचा माणूस सावरून बसतो, चहा सांगितला जातो, घरच्यांची विचारपूस होते आणि मगच कापडाचे ठाण उलगडले जाते. नव्या गिऱ्हाइकाशीही वागणे गोडच असते. पण या दोन गोडव्यांत फरक असतो आणि तो कोणी फारसा लपवतही नाही. म्हणूनच ही माणसे स्वतः गिऱ्हाईक होऊन विमानात बसतात, तेव्हा तेथील वागणुकीतले चढउतार त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. तिरुपूरच्या होजिअरीसाठी महिन्यातून दोनदा कोइमतूर गाठणारा व्यापारी असो, लुधियाना-कोलकात्याच्या फेऱ्या करणारा असो किंवा मालाच्या निवडीसाठी हाँगकाँगला जाणारा असो. सोमवारच्या विमानात मिळालेली आपुलकी त्याच कंपनीच्या गुरुवारच्या विमानात कोठे हरवली, हा प्रश्न त्याला पडतोच.

बहुतेक वेळा या चढउताराचे खापर एखाद्या हवाई सेविकेच्या किंवा काउंटरवरच्या तरुणाच्या स्वभावावर फोडले जाते. स्वभावाचा वाटा असतोच. परंतु व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर मोठे कारण स्वभावात नसून हिशेबात सापडते.

देशांतर्गत मार्गांवर सर्वाधिक दिसणाऱ्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानात सुमारे १८० ते १८६ आसने असतात. पन्नास आसनांमागे किमान एक केबिन कर्मचारी असावा असा नियम आहे. म्हणजे अशा विमानात चौघे. मुंबई ते कोइमतूर हे उड्डाण दोन तासांच्या आतबाहेरचे. उड्डाणानंतरचा आणि उतरण्यापूर्वीचा काळ, जेव्हा कर्मचाऱ्यांनाही आसनाला बांधून घ्यावे लागते, तो वजा केला तर हाती सत्तर-पंचाहत्तर मिनिटे उरतात. चौघांची मिळून झाली पावणेतीनशे ते तीनशे मिनिटे. ती १८० प्रवाशांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट येते. या दीड मिनिटात ढकलगाडी पुढे न्यायची, पैसे घेऊन सुटे परत द्यायचे, कचरा गोळा करायचा, आजारी प्रवाशाची विचारपूस करायची आणि शिवाय हसायचे. त्यातही आदरातिथ्य हे त्यांचे दुय्यम काम; मुख्य काम सुरक्षेचे. निम्मे दरवाजे बंद असतानाही नव्वद सेकंदांत भरलेले विमान रिकामे करता आले पाहिजे, या कसोटीवर विमानांना परवानगी मिळते आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही त्याच दृष्टीने होते. चहा देणारे हात प्रसंग आला तर प्रवाशांना घसरगुंडीवरून खाली ढकलणारे हात आहेत, याचे भान प्रवाशांना क्वचितच असते.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशील्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविकांचा अभ्यास मांडला आणि ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना रूढ केली. जाहिरातीत कंपनी हास्य विकते. ते हास्य प्रत्यक्षात मात्र पगारदार माणसाच्या चेहऱ्यावरून काढावे लागते. कारखान्यातला कामगार हाताने राबतो, तसा हा कामगार मनाने राबतो. होकशील्ड यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. स्पर्धेमुळे तिकिटे स्वस्त झाली, विमाने भरली, पाळ्या ताणल्या गेल्या, तेव्हा हास्याची मागणी तीच राहिली. ते हास्य मनापासून उमलण्यासाठी लागणारा अवकाश मात्र उरला नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या मुंबई विमानतळावर जसेच्या तसे लागू पडते.

आणि हे कर्मचारी काही परके नव्हेत. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, ठाणे या पट्ट्यातील कितीतरी तरुण-तरुणी विमान कंपन्यांत आणि विमानतळावर नोकरी करतात. पहाटेच्या उड्डाणासाठी त्यांची गाडी मध्यरात्रीच दाराशी येते. साडेपाचच्या विमानासाठी तीन वाजता घर सोडलेला व्यापारी जांभई देत काउंटरवर पोहोचतो, तेव्हा समोरची मुलगी त्याच्याही आधी दोन तास उठलेली असते. शिवाय तिच्या अंगावर ज्या कंपनीचा गणवेश असतो, त्याच कंपनीची ती नोकर असेलच असे नाही. विदेशी कंपन्यांच्या काउंटरवरचे काम भारतात बहुधा कंत्राटी सेवा-संस्था पाहतात. मे २०२५ मध्ये सेलेबी या तुर्की संस्थेची सुरक्षा मंजुरी सरकारने एका आदेशाने रद्द केली, तेव्हाच अनेक प्रवाशांना कळले की आपल्या सामानाला चिठ्ठी लावणारा माणूस आपल्या विमान कंपनीचा नव्हताच. ज्याला गिऱ्हाइकाचा फायदा-तोटा लागू नाही, त्याच्याकडून पेढीच्या मालकासारख्या आतिथ्याची अपेक्षा कितपत करावी?

टाटांची नजर

सेवेचा दर्जा एका माणसाच्या आग्रहावर किती अवलंबून असतो, याचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे जे. आर. डी. टाटा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते स्वतः विमान चालवत जुहूला उतरले. त्या टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी १९७८ पर्यंत टाटाच एअर इंडियाचे अध्यक्ष होते. प्रत्येक प्रवासानंतर ते अधिकाऱ्यांना टिपणे पाठवत. पडदा मळला आहे, खुर्चीची पाठ नीट मागे जात नाही, चहाचा आणि कॉफीचा रंग सारखाच दिसतो, अशा बारीकसारीक नोंदी त्यांत असत. देशातील सर्वांत मोठ्या उद्योगसमूहाचा प्रमुख चहाच्या रंगावर टिपण लिहितो, हे काहींना हास्यास्पद वाटेल. पण गल्ल्यावर बसून दुकानाच्या कोपऱ्यातले जळमट ज्याला दिसते, तोच खरा दुकानदार, हे ज्यांनी लहानपणापासून ऐकले आहे त्यांना ते हास्यास्पद वाटणार नाही.

पुढे मालकाची नजर गेली आणि सरकारी मक्तेदारीत देशांतर्गत प्रवाशाला पर्यायच उरला नाही. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. मे १९९३ मध्ये जेट एअरवेजने मुंबईहून सेवा सुरू केली आणि गरम जेवण, वेळेवर उड्डाण आणि नावाने हाक या तीन गोष्टींवर व्यापारी वर्ग अक्षरशः तिकडे वळला. १९९४ मध्ये जुना मक्तेदारीचा कायदाही रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचे युग आणले. पाणी-चहाचे पैसे पडू लागले. २००६ मध्ये आलेल्या इंडिगोने तोच मार्ग शिस्तीने चालवून आज देशांतर्गत बाजारपेठेचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा मिळवला आहे. स्वस्तात वेळेवर पोहोचवणे हीच सेवा, हास्य हे वरचे. असा तो व्यवहार आहे. त्यात लबाडी नाही. परंतु स्वस्त तिकीट काढून जुन्या एअर इंडियाच्या महाराजाचे आतिथ्य शोधणाऱ्याची निराशा ठरलेलीच.

निष्ठेची किंमत

आता वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या कार्डाकडे वळू. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘ॲडव्हांटेज’ ही योजना सुरू केली आणि तेथून जगभर हे लोण पसरले. चांदी, सोने, प्लॅटिनम अशी नावे दिलेल्या पायऱ्या, प्रत्येक प्रवासामागे गुण, गुणांवर मोफत तिकीट. ही कल्पना अमेरिकेची मानली जात असली, तरी जुन्या गिऱ्हाइकाला सूट देऊन बांधून ठेवण्याचा प्रकार व्यापारी समाजाने फार पूर्वी सोसलेला आहे. आणि त्या कथेत सोलापूरचे एक जैन नाव मध्यभागी आहे.

१८७७ च्या सुमारास कलकत्त्याच्या व्यापारातील ब्रिटिश जहाज कंपन्यांनी मँचेस्टरहून येणाऱ्या कापडासाठी एक युक्ती काढली. व्यापाऱ्याने भाडे पूर्ण द्यायचे. त्यातील ठराविक टक्के रक्कम कंपनी स्वतःकडे ठेवणार आणि काही महिन्यांनी परत करणार. अट एकच, की दरम्यानच्या काळात एकही गाठोडे दुसऱ्या कंपनीच्या जहाजाने जाता कामा नये. गेले तर साठलेली सूट बुडाली. ही पद्धत पुढे पूर्वेकडील सर्व समुद्रमार्गांवर पसरली. वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे पहिले जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हा त्यांच्यासमोर हीच भिंत उभी होती. भारतीय व्यापाऱ्यांना स्वदेशी जहाजाबद्दल कितीही आस्था असली, तरी अडकलेली सूट सोडवत नसे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बंद करण्याचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळापर्यंत पोहोचले, इतका तो जाच होता. गंमत अशी की वालचंदांच्या त्या पहिल्या जहाजाचे नाव होते ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा. (याच वालचंदांनी १९४० मध्ये बेंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, आजचे हिंदुस्तान एरोनॉटिक्स ते तेच. विमान प्रवाशांच्या लेखात त्यांचे नाव दोनदा यावे, हे योग्यच.)

विमान कंपन्यांचे गुण आणि त्या काळची अडकवलेली सूट यांचे गोत्र एकच. गुण ही कंपनीने प्रवाशाची केलेली उधारी आहे आणि ती कोणत्या भावाने फेडायची हे ऋणकोच ठरवतो. आज दहा हजार गुणांत मिळणारे तिकीट उद्या पंधरा हजारांना झाले, तर दाद मागायला जागा नाही. कंपनीच बुडाली तर? किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली आणि तिच्या ‘किंग क्लब’चे गुण जमवणारे हात चोळत राहिले. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची गुण-योजना वेगळ्या संस्थेकडे असल्याने ‘इंटरमाइल्स’ या नावाने काही काळ टिकली, पण ज्या विमानांसाठी ते गुण जमवले होते ती विमानेच राहिली नव्हती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा मात्र प्रवाशांचे गुण नव्या खात्यात वळते झाले. इंडिगोने बरीच वर्षे अशा योजनेपासून दूर राहून २०२४ मध्ये स्वतःची योजना आणली. हुंडीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला यातला धडा सांगण्याची गरज नाही. गुण साठवून ठेवण्यापेक्षा वेळेत वापरणे बरे, एवढे तो आपसूक करतो.

मग कार्डाने नेमके काय बदलते? काउंटरवर वेगळी रांग मिळते, सामानाची मर्यादा वाढते, विश्रांतिकक्षात बसता येते. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये असल्याने तिचे सुवर्ण कार्ड सिंगापूर किंवा फ्रँकफर्टलाही ओळखले जाते. विमानातील कर्मचाऱ्यांच्या यादीत प्रवाशाच्या नावापुढे त्याची पायरी लिहिलेली असते, म्हणून नावाने नमस्कार होतो. परंतु हे सर्व नियमात बसवलेले आतिथ्य आहे. त्यापलीकडचे जे असते, म्हणजे वृद्ध आईला खिडकीजवळची जागा अदलाबदल करून देणे, सामान चार-सहाशे ग्रॅम जास्त भरले तर डोळेझाक करणे, ते समोरच्या माणसाच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर आणि बऱ्याच वेळा प्रवाशाच्या बोलण्याच्या सुरावर ठरते.

एक अवघड गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कार्ड कुटुंबात भेद पाडते. धंद्यासाठी फिरणारा मुलगा किंवा नवरा सोनेरी रांगेतून पुढे निघून जातो आणि वर्षातून एकदा सम्मेद शिखरजीच्या यात्रेला निघालेली त्याची आई साध्या रांगेत, चाकाच्या खुर्चीची वाट पाहत बसते. ज्याला विमानतळाचा कोपरान्‌कोपरा ठाऊक आहे त्याला मदत आपणहून मिळते. ज्याला फलक वाचताना अडखळायला होते त्याला ती मागावी लागते. पेढीवर असे कोणी वागले असते, तर वडीलधाऱ्यांनी कान धरला असता. काही योजनांत कुटुंबाचे गुण एका खात्यात जमवता येतात, कार्डधारकाबरोबर एका सोबत्याला विश्रांतिकक्षात नेता येते. या सवलती वापरल्या न गेल्याने वाया जातात, इतके मात्र दिसते.

ताटातील कांदा

जैन प्रवाशाच्या दृष्टीने सेवेची खरी परीक्षा हास्यात नसून ताटात होते. विमान कंपन्यांच्या जागतिक संकेतावलीत जैन भोजनाला ‘व्हीजेएमएल’ असा स्वतंत्र संकेत आहे. त्यात कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळे वर्ज्य असतात. ‘एव्हीएमएल’ हा संकेत भारतीय पद्धतीच्या शाकाहाराचा असतो आणि त्यात कांदा-बटाटा येऊ शकतो. घाईत तिकीट काढणारा एजंट या दोन संकेतांत गल्लत करतो आणि खापर फुटते ते विमानातल्या मुलीवर. साधारणपणे उड्डाणापूर्वी किमान चोवीस तास हे भोजन नोंदवावे लागते. भोजनाच्या डब्यावर आसनक्रमांकाची चिठ्ठी असते. म्हणून विमानात शेजाऱ्याशी जागा बदलली की डबा जुन्या जागेवर जातो आणि तेथे बसलेला माणूस तो निमूटपणे खाऊन टाकतो. एक उड्डाण रद्द होऊन दुसऱ्यात बसवले गेले, तर नोंद पुढे सरकलीच असेल असे धरून चालू नये. कार्डधारकाच्या खात्यात आवडनिवड कायमची नोंदता येते, पण कार्डाचा क्रमांक तिकिटावर टाकलाच नसेल तर ती नोंद तिकिटापर्यंत पोहोचत नाही. साठ-सत्तर यात्रेकरूंच्या सामूहिक तिकिटांत तर नावेच शेवटच्या घटकेला दिली जातात, मग प्रत्येक नावापुढे संकेत कोण घालणार? दोन-अडीच तासांच्या प्रवासात एखादा खाकरा खाऊन वेळ निभावते. न्यूयॉर्कच्या सोळा तासांच्या प्रवासात सत्तरीतल्या श्राविकेला फळे आणि पाण्यावर राहावे लागणे, हे मात्र कोणत्याही हास्याने भरून निघत नाही.

रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. संध्याकाळी सहाला सुटणाऱ्या विमानात जेवण येते सातनंतर. पूर्वेकडे, म्हणजे बँकॉक-हाँगकाँगकडे जाताना सूर्य लवकर मावळतो. पश्चिमेकडे जाताना तो लांबत जातो आणि उंचीमुळे क्षितिजावर काही मिनिटे जास्तच दिसतो. कोणता सूर्यास्त मानायचा, हा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारूनच घ्यावा. कर्मचाऱ्यांना त्यातले काही ठाऊक असण्याची अपेक्षा धरता येत नाही. पण विमानात शिरताच, ढकलगाड्या निघण्यापूर्वी, शांतपणे दोन वाक्यांत सांगितले तर डबा आधी मिळण्याची शक्यता बरीच वाढते. उकळलेल्या पाण्याचेही तसेच. केबिनमधील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असल्याने तेथे पाणी ९२-९४ अंशांनाच उकळते, आणि चहासाठी दिले जाणारे गरम पाणी प्रत्यक्षात उकळलेले असेलच असेही नाही. देशांतर्गत प्रवासात घरचे पाणी सोबत नेता येते. विदेश प्रवासात हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतील द्रव चालत नाही, त्यामुळे पाण्याचा विचार आधीच करावा लागतो.

हास्याचा हिशेब आणि कायद्याचा

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ऐन लग्नसराईत इंडिगोची व्यवस्था कोलमडली. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला होता आणि त्यासाठी पुरेसे वैमानिक हाताशी नव्हते. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. इतर कंपन्यांचे भाव इतके चढले की सरकारला अंतरानुसार ७,५०० ते १८,००० रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. त्या दिवसांत काउंटरवर उभ्या असलेल्या तरुणांना गर्दीने घेरले. त्यांच्याकडे प्रवाशांना सांगण्यासारखे काही नव्हते, कारण त्यांनाच कोणी काही सांगितले नव्हते. अशा वेळी कार्ड सोनेरी की साधे, याला अर्थ उरत नाही. हास्य हा आनंदाच्या दिवसांचा व्यवहार. अडचणीच्या दिवशी उपयोगी पडतो तो नियम.

आणि नियम आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तरतुदींनुसार, दोन आठवड्यांपूर्वी न कळवता उड्डाण रद्द केले आणि सोयीची पर्यायी व्यवस्था केली नाही, तर तिकिटाच्या परताव्याखेरीज भरपाई मिळते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून लांब उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी ती. जास्त तिकिटे विकल्यामुळे नोंद असूनही प्रवाशाला चढू दिले नाही आणि एका तासात दुसरे विमान दिले नाही, तर भाड्याच्या दुप्पट ते चौपट भरपाई. तिची मर्यादा अनुक्रमे १०,००० आणि २०,००० रुपये. देशांतर्गत प्रवासात वरच्या वर्गाचे तिकीट असून खालच्या वर्गात बसवले, तर करांसह तिकिटाचे ७५ टक्के परत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांचा उशीर झाला की अल्पोपाहार द्यावाच लागतो. हवामान, संप, सुरक्षा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना रोख भरपाईतून सूट आहे.

यातली एक अट व्यापारी कुटुंबांना वारंवार नडते. तिकीट काढताना प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल, तर उड्डाण रद्द झाल्याची भरपाई मिळत नाही. आपल्याकडे तिकिटे ओळखीच्या एजंटाकडून फोनवर काढली जातात आणि तो सर्व तिकिटांवर स्वतःचाच भ्रमणध्वनी टाकतो. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश त्याच्या फोनवर पडून राहतो आणि प्रवासी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत घामाघूम होत असतो. एजंटाशी तीस वर्षांचा घरोबा असला, तरी तिकिटावर स्वतःचा क्रमांक घालायला सांगण्यात संकोच कसला?

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही नियम आहेत. २०१७ पासून प्रवाशाच्या गैरवर्तनाच्या तीन पातळ्या ठरल्या असून शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावण्याला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका होईल अशा वर्तनाला किमान दोन वर्षे विमानप्रवासाची बंदी घालता येते. या टोकाला आपला समाज जात नाही, हे खरे. पण दुकानातल्या पोऱ्याला हाक मारावी तशी चुटकी वाजवून पाणी मागणे, ‘अगं ए’ म्हणणे, दहा जणांच्या गटाने मार्गिकेत उभे राहून डबे उघडणे, ही दृश्ये अपरिचित नाहीत. सुवर्ण कार्डधारकांत हा आवाज अधिक चढा असतो, असे विमानतळावर काम करणाऱ्यांच्या घरी बसले की ऐकायला मिळते.

महासंचालनालय दर महिन्याला प्रवाशांच्या तक्रारींची आकडेवारी प्रसिद्ध करते. त्यात ‘कर्मचाऱ्यांचे वर्तन’ असा वेगळा रकाना असतो. उड्डाणातील अडचणी, सामान आणि परतावा यांच्या तक्रारी सामान्यतः त्याच्या कितीतरी पुढे असतात. म्हणजे उर्मटपणा मनाला लागतो, पण लेखी तक्रार होते ती पैशाची आणि वेळेची.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाल्याने डोंबिवली-कल्याणकरांना शीळफाटा-तळोजामार्गे दुसरा पर्याय मिळाला आहे, तर मेट्रो-३ मुळे ठाणेकरांना घाटकोपरहून मरोळ नाक्यावर गाडी बदलून थेट टर्मिनलखाली उतरता येते. कंपन्यांना आता दोन विमानतळांवर एकाच गिऱ्हाइकासाठी झटावे लागेल. तरीही तंटा झालाच, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे, मग सरकारच्या ‘एअरसेवा’ संकेतस्थळावर. तेथेही समाधान झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली प्रवासी जेथे राहतो तेथील, म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंत मोजलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. त्यासाठी बोर्डिंग पास, सामानाची चिठ्ठी आणि आलेले संदेश हाती असावे लागतात. वीस वर्षांपूर्वीची जकातीची पावतीही फाईलमध्ये लावून ठेवणारी माणसे बोर्डिंग पास मात्र विमानतळाबाहेरच्या पहिल्याच कचराकुंडीत टाकतात.